गाडीचा खर्च धंद्यात दाखवताय? आधी किलोमीटरचा पुरावा जमवा

दरवर्षी जुलै उजाडला की सीएच्या ऑफिसात प्लॅस्टिकच्या पिशव्या यायला लागतात. आत पेट्रोल पंपाच्या पावत्या, त्यातल्या निम्म्यांची शाई उडालेली. पिशवी टेबलावर ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, "साहेब, एवढं सगळं गाडीवर गेलं, टाका धंद्यात." पावतीवरून पेट्रोल भरलं एवढंच कळतं. गाडी भिवंडीच्या गोडाउनला गेली की अलिबागला, हे पावती सांगत नाही, आणि आयकर खात्याला नेमकं तेच विचारायचं असतं.

म्हणून खर्च किती झाला याच्या आधी गाडी किती किलोमीटर कामासाठी धावली हे सिद्ध करायची तयारी हवी. ती वर्षभर थोडी थोडी केली तर फारसा त्रास नाही. मार्चअखेर एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहून काढलेली लॉगबुक (गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही) मात्र बघणाऱ्याला पहिल्या पानावरच कळते.

हे तुम्हाला लागू आहे का

प्रोप्रायटर, भागीदारी फर्म, डॉक्टर-आर्किटेक्टसारखे व्यावसायिक, म्हणजे जे खरा नफा-तोटा काढून रिटर्न भरतात, त्यांच्यासाठी हे आहे. कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के) किंवा ४४एडीए खाली ५० टक्के असा अंदाजी नफा दाखवत असाल, तर गाडीचा खर्च वेगळा मिळत नाही. घसाराही (गाडी जुनी होते म्हणून तिच्या किमतीवर दरवर्षी मिळणारी वजावट) त्यातच धरलेला असतो. टेम्पोवाल्यांचं ४४एई पण अंदाजी नफ्याचंच: १२ टनांपर्यंतच्या गाडीला महिना ७,५०० रुपये. तिथेही डिझेलची बिलं जोडून नफा कमी करता येत नाही.

"मी नवीन करप्रणाली घेतली, आता खर्च मिळणार नाही ना?" असं बरेच जण विचारतात. मिळतो. नवीन प्रणालीत ८०सी वगैरे वजावटी जातात. धंद्याचा खर्च आणि नेहमीचा घसारा जात नाही.

कलमांचे आकडे मी १९६१ च्या कायद्यातले देतोय, कारण २०२५-२६ चं रिटर्न त्याच कायद्याने भरायचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण खर्च पूर्णपणे आणि फक्त धंद्यासाठी केलेला असावा ही अट तशीच आहे.

कायदा नेमका कुठे पकडतो

तीन कलमं लक्षात ठेवा. ३७(१) म्हणतं, खर्च संपूर्णपणे धंद्यासाठी हवा, घरगुती नको. ३८(२) म्हणतं, गाडी घरच्याही कामाला वापरत असाल तर योग्य तेवढाच हिस्सा मिळेल, आणि तो हिस्सा ठरवायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. तिसरं २७०ए. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या ५० टक्के दंड, आणि चुकीची माहिती दिली असं ठरलं तर २०० टक्के. चुकीच्या माहितीच्या यादीत "कोणत्याही पुराव्याशिवाय केलेला खर्चाचा दावा" असा मुद्दा सरळ लिहिलेला आहे. खर्च खरा होता, फक्त कागद नव्हता, हे सांगून सुटका होत नाही, ती इथे.

३८(२) चा दुसरा अर्थ असा की हिस्सा तुम्ही स्वतः कागदावर काढून दाखवला नाही, तर अधिकारी आपल्या अंदाजाने १० किंवा २० टक्के कापून मोकळा होतो. अशी सरसकट कपात अपिलात कमी होते किंवा टिकत नाही, पण त्यासाठी तुमच्या कागदांत नेमकी खोट काय हे त्याला दाखवता आलेलं नाही असं म्हणता यायला हवं. कागदच नसतील तर कसली खोट आणि कसलं अपील.

कंपनीचं थोडं निराळं आहे. कंपनी ही व्यक्ती नसल्यामुळे तिचा "घरगुती वापर" होऊ शकत नाही, असं गुजरात उच्च न्यायालयाने सयाजी आयर्न अँड इंजिनिअरिंगच्या प्रकरणात म्हटलं आहे. तिथे प्रश्न संचालकाच्या हातात पडलेल्या सवलतीचा होतो. तो विषय इथे नको.

आरसी बुकवर नाव कोणाचं

सुरुवात इथून करा. प्रोप्रायटरची गाडी त्याच्याच नावावर असेल तर प्रश्न नाही. फर्मच्या पैशाने घेतलेली, फर्मच्या ताळेबंदात दाखवलेली, पण आरसीवर भागीदाराचं नाव, अशीही चालते. मात्र पैसे कुठून गेले आणि हप्ता कोण भरतं याचे कागद एकत्र ठेवा. बायकोच्या नावावरची गाडी धंद्यात वापरत असाल तर घसारा मागू नका. कामाच्या फेऱ्यांचं पेट्रोल, टोल, पार्किंग मागता येतं. नियमित वापर असेल तर भाड्याचा साधा करार करून भाडं बँकेतून द्यावं आणि तिच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवावं.

गाडी घेताना दिलेली रोख रक्कमही इथेच अडते. एका दिवशी एकाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर तेवढी रक्कम गाडीच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे त्यावर घसारा नाही. सेकंडहँड गाडीचे सौदे बहुतेक असेच होतात, म्हणून सांगून ठेवलं.

किमतीत काय काय येतं? एक्स-शोरूम किंमत, एकरकमी रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, बसवलेलं सामान. तेरा माणसांपर्यंतच्या (ड्रायव्हर धरून) प्रवासी गाडीचा जीएसटी क्रेडिट म्हणून (म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून वळता करून) मिळत नाही, टॅक्सीचा किंवा ड्रायव्हिंग स्कूलचा धंदा असल्याशिवाय. म्हणून तो जीएसटी किमतीत मिळवा. अशा गाडीच्या सर्व्हिसिंग आणि विम्यावरच्या जीएसटीचंही तेच. मालवाहू टेम्पोचं क्रेडिट मिळतं. मग त्या कराच्या रकमेवर घसारा घेऊ नका, दोन्हीकडून घेता येत नाही.

१ एप्रिलचा फोटो

आर्थिक वर्षाच्या पहिल्या सकाळी मीटरचा फोटो काढा, ३१ मार्चच्या रात्री पुन्हा एक. गाडी मधेच घेतली असेल तर डिलिव्हरीच्या दिवशी. दोन फोटोंतला फरक म्हणजे वर्षाचे एकूण किलोमीटर. पुढचं सगळं गणित या आकड्याला टेकून उभं राहतं. फोटो फोनमध्येच ठेवू नका. स्वतःला ईमेल करून ठेवा, म्हणजे त्यावर तारीख राहते आणि फोन बदलला तरी सापडतो.

लॉगबुक: किती लिहायचं, काय लिहायचं

धंदेवाल्याने लॉगबुक कशी ठेवावी याचा ठरलेला नमुना कायद्यात नाही. पण कंपनीने नोकराला दिलेल्या गाडीबद्दल आयकर नियम १९६२ च्या नियम ३ मध्ये काय नोंदवावं ते लिहिलं आहे: प्रवासाची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च. खात्याच्या डोळ्यासमोर लॉगबुक म्हणजे काय असतं याचा यापेक्षा चांगला अंदाज मिळणार नाही. तीच चौकट घ्या आणि तिला एक रकाना जोडा: कशासाठी.

बोरिवलीच्या एका इंटेरिअर कॉन्ट्रॅक्टरचं उदाहरण धरू. त्याच्या वहीतल्या तीन ओळी अशा असाव्यात:

३ जून. ४४,०१२ ते ४४,०८८. बोरिवली–भिवंडी–परत. गोडाउनमधून प्लायवूड निवडून सँपल आणलं. खरेदी बिल त्याच तारखेचं.

४ जून. ४४,०८८ ते ४४,११०. गोरेगाव साइट आणि परत. सुतारांना किचनचं माप दिलं.

५ जून. ४४,११० ते ४४,१३८. घरगुती.

तिसऱ्या ओळीकडे बघा. घरच्या फेरीला कारण लिहायची गरज नाही, पण किलोमीटर लिहायचेच. ज्या वहीत एकही घरगुती फेरी नाही, त्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? घरात दुसरी गाडी नाही, गणपतीत गावाला गेलात, लग्नसराई झाली, आणि वही म्हणते वर्षभर फक्त साइट. उलट स्वतःहून काढून ठेवलेला घरगुती हिस्सा उरलेल्या आकड्याला वजन देतो.

नुसतं "साइट", "मार्केट", "मीटिंग" असं लिहू नका. "लोहार चाळ, स्विच आणि वायर" असं लिहिलं की त्या दिवशीच्या खरेदी बिलाशी ते जुळतं. गिऱ्हाईकाचं पूर्ण नाव लिहायचं नसेल तर इन्व्हॉइस नंबर किंवा कामाचा कोड लिहा. फेरी कागदाने पाठीशी घालता आली की पुरे.

मिश्र फेऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. मुलाला शाळेत सोडून तसेच साइटवर गेलात, तर शाळेसाठी वाट वाकडी केली तेवढे किलोमीटर घरगुती धरा. चिपळूणला गावी जाताना वाटेत पनवेलला गिऱ्हाईकाला भेटलात, म्हणून चिपळूणची फेरी धंद्याची होत नाही. घर ते दुकान हा रोजचा प्रवास वादाचा आहे. दुकानात बसणारा माणूस रोज त्याच वाटेने गाडीने जात असेल, तर तो हिस्सा न मागितलेला बरा. घरातूनच ऑफिस चालतं आणि तिथून थेट साइटवर जाता, तर गोष्ट वेगळी. मग घराच्या पत्त्यावर ऑफिस आहे हे जीएसटी रजिस्ट्रेशनवर किंवा शॉप अॅक्टच्या कागदावर दिसायला हवं.

वही की अॅप, हा प्रश्न दुय्यम आहे. गाडीत ठेवलेली शंभर पानी वही उत्तम. ड्रायव्हर असेल तर आकडे त्याला लिहू द्या आणि "कशासाठी" तुम्ही लिहा. एक्सेल चालेल, पण आठवड्याला तरी भरा आणि महिनाअखेर पीडीएफ करून स्वतःला मेल करा; नाहीतर ती फाइल केव्हा तयार झाली हे कसं दाखवणार? फोनच्या नकाशातल्या टाइमलाइनवर विसंबू नका. ती मदतीला ठीक, पण फोन गेला की इतिहास गेला. आणि एका महिन्याची नोंद करून तीच टक्केवारी बारा महिन्यांना लावायची, अशी सोय आपल्या कायद्यात नाही.

बिलं

पंपाची पावती थर्मल कागदावरची असते. गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्याचं ऊन लागलं की कोरी. त्याच दिवशी फोटो काढा. पंपावर "गाडी नंबर टाका" असं सांगितलं तर पावतीवर नंबर छापून येतो. सांगायची सवय लावा, कारण नंबर नसलेली पावती घरातल्या कोणत्याही गाडीची असू शकते. पैसे धंद्याच्या खात्यातून द्या. यूपीआयला घरचं खातं जोडलेलं असेल तर धंद्याचं खातंही जोडा आणि पंपावर पैसे देताना तेच निवडा. सीएनजीवाल्यांनी तर पावती मागून घ्यायचीच. रांगेत तासभर उभं राहिल्यावर पावतीसाठी थांबायचा कंटाळा येतो, ते मान्य.

गॅरेजचं बिल मात्र सोन्यासारखं जपा. सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर गाडी आणली त्या दिवशीचं मीटर रीडिंग लिहिलेलं असतं, तेही तिऱ्हाइताने लिहिलेलं. तुमच्या वहीसाठी यापेक्षा चांगला साक्षीदार नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काम करून घेतलंत तर तिथल्या माणसालाही बिलावर गाडी नंबर आणि रीडिंग लिहायला सांगा. रोख १०,००० च्या वर देऊ नका. ४०ए(३) खाली त्या दिवशी त्या माणसाला दिलेल्या सगळ्या रोख रकमा एकत्र धरतात, त्यामुळे एकाच दिवसाची तीन बिलं करून उपयोग नाही.

ड्रायव्हरचा पगार बँकेतून द्या. रोखच द्यायचा असेल तर व्हाउचरवर सही घ्या, ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. पार्किंगवाल्याने चिठ्ठी दिली नाही, रिक्षाचं भाडं दिलं, अशा सुट्या खर्चाला स्वतःचं व्हाउचर करा: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, रक्कम, सही. ठरावीक व्यावसायिकांच्या हिशेबवह्यांसाठी जो नियम ६एफ आहे, तो असं स्वतःचं व्हाउचर फक्त ५० रुपयांपर्यंत मानतो. मुंबईत ५० रुपयांत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून मोठ्या रकमेला छापील पावती किंवा यूपीआयची नोंद हवीच.

ई-चलन खर्चात टाकू नका. कायदा मोडल्याचा दंड ३७(१) च्या स्पष्टीकरणाप्रमाणे कधीच मिळत नाही, मग सिग्नल तोडताना तुम्ही डिलिव्हरीला का जात असेनात.

कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल खर्च नाही, फक्त व्याज. बँकेकडून व्याजाचा दाखला मागवा. कर्ज एनबीएफसीचं (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीचं) असेल आणि मागच्या वर्षीची तुमची उलाढाल १ कोटीच्या वर (व्यावसायिकांची ५० लाखांच्या वर) असेल, तर वर्षाला १०,००० पेक्षा जास्त व्याजावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापायची जबाबदारी तुमची; भागीदारी फर्मला ही उलाढालीची अट नाही. बँकेच्या कर्जाला ही भानगड नाही. टीडीएस राहिला तर त्या व्याजाचा ३० टक्के भाग नामंजूर होऊ शकतो, आणि हे ऑडिटमध्येच उघडं पडतं.

फास्टॅग दोन्ही बाजूंनी बोलतो

फास्टॅगचं स्टेटमेंट दर महिन्याला उतरवून ठेवा. त्यात टोलनाका, तारीख, वेळ, गाडी नंबर सगळं असतं, आणि तुम्ही ते बदलू शकत नाही. अटल सेतूवरून न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामाला गेलात, तर कारचे एका वेळचे २५० रुपये तिथे दिसतात आणि वहीतली फेरी पक्की होते.

पण हाच कागद उलटतोही. वही म्हणते रविवारी अंधेरी एमआयडीसीत गिऱ्हाईक, आणि फास्टॅग म्हणतो त्याच सकाळी खालापूर. अशी एक फेरी सापडली की बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. म्हणून महिनाअखेर स्टेटमेंट समोर ठेवून वही तपासा. चूक दिसली तर खोडून, बाजूला दुरुस्ती लिहून सही करा. पान फाडू नका.

मुंबईत एक गैरसोय झाली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून दहिसर, मुलुंडचे दोन्ही, ऐरोली आणि वाशी या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. पैसे वाचले, पण वाशीच्या एपीएमसीला रोज जाणाऱ्याचा आयता पुरावाही गेला. कोस्टल रोडलाही टोल नाही. अशा फेऱ्यांसाठी पार्किंगची पावती, मार्केटमधलं खरेदी बिल, डिलिव्हरी चलन यांच्यावर भर द्यावा लागेल.

कागद एकमेकांशी जुळतात का

तिमाहीला एकदा अर्धा तास काढा. आपला कॉन्ट्रॅक्टर १ एप्रिल २०२५ ला ४१,२६० वर होता आणि ३१ मार्च २०२६ ला ५७,७६० वर. वर्षाचे १६,५०० किलोमीटर. बिलांवरचं पेट्रोल १,२६९ लिटर. म्हणजे लिटरला १३. मुंबईच्या गाडीला हे पटण्यासारखं आहे. बिलांची बेरीज १,९०० लिटर आली असती तर अॅव्हरेज ८.७ पडलं असतं, आणि पहिला प्रश्न आला असता, दुसऱ्या कोणाच्या गाडीत भरलं?

खरंच कमी अॅव्हरेज पडत असेल तर तेही लिहून ठेवा. साकीनाक्याला एसी लावून पाऊण तास उभी राहणारी गाडी कंपनीने सांगितलेलं अॅव्हरेज देत नाही. वर्षातून दोनदा टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजून नोंद ठेवली की उत्तर तयार असतं.

मग जॉबकार्ड. १८ नोव्हेंबरला सर्व्हिसिंग झालं, कार्डावर ५१,७४० आहे आणि वहीत त्या दिवशी ४९,३००, तर मधल्या काही फेऱ्या लिहायच्या राहिल्यात. राहिलेले किलोमीटर घरगुती धरा. आठवून आठवून कामाच्या फेऱ्या बनवत बसू नका.

हिशेबात कसं घ्यायचं

टॅलीत प्रत्येक गाडीचं वेगळं खातं काढा. वर्षभर सगळा खर्च तिथे टाका, वर्षअखेर घरगुती हिस्सा उचल खात्यात (मालकाने स्वतःसाठी काढलेल्या पैशांच्या खात्यात) वळवा. आपल्या माणसाचं असं झालं: कामाचे किलोमीटर ११,५५०, म्हणजे एकूणाच्या ७० टक्के. पेट्रोल १,३२,०००, विमा २२,०००, सर्व्हिसिंग आणि टायर ३६,०००, कर्जाचं व्याज ४८,०००. गाडीची उरलेली किंमत ८ लाख, तिच्यावर १५ टक्क्यांनी घसारा १,२०,०००. बेरीज ३,५८,०००, तिचे ७० टक्के २,५०,६००. फक्त कामाच्या फेऱ्यांचे टोल आणि पार्किंग १४,००० वेगळे काढलेले होते, ते पूर्ण मिळतात. एकूण दावा २,६४,६००.

घसाऱ्याचा दर साध्या कार-स्कूटरला १५ टक्के, भाड्याने चालवायच्या टॅक्सी-ट्रकला ३०, इलेक्ट्रिक गाडीला ४०. ज्या वर्षी घेतली त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. दसऱ्याला बुक करून दिवाळीत आणलेल्या गाड्यांना बहुतेकदा निम्माच मिळतो. ऑडिट होत असेल तर ३सीडी फॉर्ममध्ये घरगुती खर्च वेगळा सांगावा लागतो, तेव्हा ही ७०-३० ची आकडेमोड ऑडिटरला आधीच द्या.

नोटीस आली तर

रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं, ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत १४३(२) ची, म्हणजे रिटर्नच्या तपासणीची, नोटीस यावी लागते. पुढचं सगळं आयकर पोर्टलवर. अधिकारी तुम्हाला ओळखत नाही, बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात बसलेला असतो, त्याला घोडबंदर रोडचा ट्रॅफिक माहीत नाही. त्याच्यासमोर जातात ते फक्त पीडीएफ. तेव्हा पावत्यांचे शेकडो फोटो चढवू नका. पहिलं पान एका पानाची टिपणी: कोणती गाडी, कोणत्या कामाला, एकूण आणि कामाचे किलोमीटर, टक्केवारी, दावा. त्यामागे आरसी, मीटरचे दोन फोटो, लॉगबुक, गाडीचं खातं, फास्टॅग स्टेटमेंट, जॉबकार्ड आणि मोठी बिलं. टिपणीतल्या प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या पानावर आहे ते लिहा. लहान पावत्या महिन्यावार लावून ठेवल्यात आणि मागाल तेव्हा देतो, असं शेवटी नमूद करा.

२०२५-२६ चे कागद किमान ३१ मार्च २०३३ पर्यंत ठेवा. नियम ६एफ प्रमाणे संबंधित कर-निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष, इथे २०२६-२७) संपल्यापासून सहा वर्षं होतात. गाडी मधेच विकली तरी तिची वही गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाऊ देऊ नका.